कानसाहेबांची शांत ज्योत

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या भावजींना, ऑफिसात सगळे कानसाहेब म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणतात, आणि ते खूश होतात. माणूस कसा आहे ते यावरून ओळखावं.

मीही त्याच ऑफिसात आहे. घरी ते माझे भावजी, ऑफिसात साहेब. ऑफिसातल्या या एवढ्या वर्षांत मी चुकूनही त्यांना भावजी म्हटलेलं नाही आणि त्यांनी चुकूनही मला ओळख दाखवलेली नाही. "वशिला नको," असं ते म्हणायचे. वशिला लावण्याएवढं वजन त्यांचं कधीच नव्हतं ही गोष्ट निराळी.

आमच्या इथे विमानाच्या इंजिनांचे बर्नर तपासतात. एक लांबलचक शेड आहे. तिच्यात जाड भिंतींची एक खोली, तिला टेस्ट सेल म्हणतात. आत एक मोठं नळकांडं, त्यात बर्नर. एका अंगाने कॉम्प्रेसरची तापलेली हवा सोसाट्याने आत शिरते, मधे ज्योत जळते, दुसऱ्या अंगाने धूर बाहेर जातो. भिंतीपलीकडे कंट्रोल रूम. आणि कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात काचेचं एक खोपटं, त्यात मी आणि माझी यंत्रं. धुरातून एक बारीक नळी माझ्यापर्यंत येते. त्या धुरात काय काय विष आहे आणि किती, हे मी सांगते. थोडक्यात, सगळ्यांची मेहनत धुरात जाते आणि मी त्या धुराचा हिशोब ठेवते. त्यामुळे मी कुणाची फारशी लाडकी नाही.

हा धंदा कळायला सोपा आहे. ज्योतीला पोटभर इंधन दिलं की ती मजेत जळते, पण तापते. फार तापली की हवेतल्या साध्याभोळ्या नायट्रोजनलाही बिघडवते आणि त्याचे ऑक्साइड करून सोडते. ते मग विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांच्या छातीत जाऊन बसतात. म्हणून इंधन कमी करायचं आणि हवा वाढवायची. ज्योत निवते, धूर सुधारतो. पण अर्धपोटी ठेवलेलं माणूस जसं वागतं तशीच ही ज्योतही वागते. आधी गुरगुरते, मग थरथरते, मग कर्कश किंचाळते, आणि एखाद्या क्षणी न सांगता निघून जाते. जमिनीवर गेली तर पुन्हा पेटवता येते. आकाशात गेली तर काय होतं ते कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

तेव्हा आमचं सगळं कसब एकाच जागी लागतं. विझण्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं आणि विझू द्यायचं नाही. त्या सीमेवर उभं राहून "बास" म्हणणारा माणूस म्हणजे आमचे कानसाहेब.

ही पदवी त्यांना फुकट मिळाली नव्हती, एवढं मान्य करायला हवं. तरुणपणी एकदा भर चाचणीत सगळे आकडे व्यवस्थित असताना यांनी एकदम हात वर केला आणि म्हणाले, "बंद करा, शिट्टी वाजतेय." कुणालाच शिट्टी ऐकू आली नव्हती. बंद करून उघडून बघितलं तर बर्नरच्या पात्याला केसाएवढी चीर. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत यांचा कान धरला आणि म्हणाले, "हा कान जपा." झालं. त्या दिवसापासून भावजींनी तो कान जपण्याऐवजी मिरवायला सुरुवात केली.

सेलच्या भिंतीत एक झडप आहे. ती उघडली की आतला आवाज सरळ कंट्रोल रूममध्ये येतो. तो आवाज असा की दातांची मुळंसुद्धा शहारतात. नियम सांगतो, झडप उघडली की प्रत्येकाने कानावर इअरमफ चढवायचे. भावजींनी ते काढून टाकले. "कानात बोळे घालून कुणी गाणं ऐकतं का?" असं म्हणाले. आणि झडपेला कान लावून डोळे मिटून उभे राहिले. ते बघून त्यांच्या हाताखालच्या माणसाने काढले, मग त्याच्या हाताखालच्याने. बघता बघता आमच्याकडे रीतच पडून गेली. नवा माणूस इअरमफ घालणार. बढती मिळाली की सगळ्यांसमोर ते काढून खुंटीला अडकवणार. याला आमच्याकडे "कान उघडणं" म्हणतात आणि त्या दिवशी पेढे वाटावेत तशी तोंडं गोड करतात. मी कधी माझे कानातले बोळे काढले नाहीत, म्हणून माझं नाव पडलं "नाजूकबाई". ते मी आनंदाने लावून घेतलं.

एवढ्या गोंगाटात बोलणं शक्य नसतं, म्हणून तिथे सगळा कारभार खुणांचा. कानसाहेबांनी बोट खाली दाखवलं की पॅनेलवरचा ऑपरेटर इंधन आणखी कमी करणार. मूठ वळली की तिथेच थांबायचं. पंजा हवेत आडवा फिरवला म्हणजे ज्योत शांत आहे, चिंता नको. लग्नात वाजंत्रीवाल्यांना खुणावणारा एखादा मामा असतो ना, तोच थाट.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे डोळा. बर्नरसमोर एक फ्लेम डिटेक्टर बसवलेला आहे. ज्योत दिसेनाशी झाली की तो आपसूक इंधन तोडतो. आम्ही त्याला डोळा म्हणतो. पण इंधन अगदी कमी केलं की ज्योत इतकी फिकी निळी होते की या डोळ्याला ती असून दिसत नाही. तो उगाचच इंधन तोडतो आणि दिवसभराची तयारी पाण्यात जाते. दोनचारदा असं झाल्यावर सध्याच्या मोठ्या साहेबांनी तोडगा काढला. पातळ ज्योतीच्या चाचणीला डोळा बायपास करायचा, म्हणजे तेवढ्यापुरता झाकून ठेवायचा. "आपल्याकडे कान आहे, डोळा कशाला?" असं म्हणाले. सभेत टाळ्या पडल्या. भावजी खाली मान घालून लाजले, आणि त्या दिवसापासून विमानाच्या ज्योतीची राखण एका माणसाच्या कानावर आली.

तो कान गेला होता.

घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. टीव्ही एवढ्या मोठ्याने लागायचा की बातम्या जिन्यातल्या शेजाऱ्यांना पाठ. दारावरची घंटा यांना ऐकू यायची नाही, फोन यांना ऐकू यायचा नाही, आणि कुणी काही विचारलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून "हो हो" नाहीतर "बरं झालं" यातलं एक उत्तर ठरलेलं. ताई शंभरदा म्हणाली, "कान दाखवून या." ते म्हणाले, "हो हो." मी एकदा समोर बसून, अक्षरन्‌अक्षर मोकळं करून सांगितलं, "भावजी, तुम्हाला ऐकायला कमी येतं." तर मलाच म्हणाले, "तुम्ही हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलता." शेवटी मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मॅडम, ते आता कानाने ऐकत नाहीत, अनुभवाने ऐकतात." मी माझ्या खोपट्यात परत गेले.

नवा बर्नर याच सुमारास तयार झाला. भावजींच्या उभ्या नोकरीचं सार म्हणावा असा. निवृत्तीआधी तो पास व्हावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. तो पास झाला की इंजिनात जाणार आणि "हा माझ्या कानाखालून गेला" असं सांगत त्यांनी उरलेलं आयुष्य काढायचं. नापास झाला, किंवा चाचणीत त्यांच्या कानाचं बिंग फुटलं, तर झडपेजवळची जागा गेली, आणि तिच्याबरोबर कानसाहेबही गेले. मग उरतील ते फक्त माझे भावजी, आणि तेवढ्यावर ते जगतील असं मला वाटत नव्हतं.

चाचणी बघायला प्रमाणपत्र देणाऱ्या कचेरीतून तपासनीस बाई आल्या. शांत बाई. चहा नको म्हणाल्या तेव्हाच मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला. बाईंच्या डोक्यावर आमच्या लोकांनी लगबगीने नवे कोरे इअरमफ चढवले, आणि स्वतः सगळे उघड्या कानांनी ऐटीत उभे राहिले. त्यांच्यासाठी भिंतीवर लाल आकड्यांचा भलामोठा फलक लावला होता. त्यावर फक्त नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन यांचे आकडे माझ्या खोपट्यातल्या छोट्या पडद्यांवर. "पाहुण्यांना फार आकडे दाखवू नयेत, गोंधळतात," असं मोठ्या साहेबांचं मत. त्यातला कुठला आकडा लपवायचा हे त्यांना बरोबर कळत होतं.

डोळा बायपास झाला. झडप उघडली. भावजी तिच्याशी जाऊन उभे राहिले, एक हात भिंतीतून नळकांड्याकडे जाणाऱ्या पाइपावर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर गायकाचा भाव. ज्योत पेटली आणि बोट खाली वळलं.

इंधन उतरत गेलं. फलकावरचा आकडाही उतरत गेला. साहेब एकदा फलकाकडे आणि एकदा तपासनीस बाईंकडे बघत होते, जणू आकडा त्यांनी स्वतः घरी घडवून आणला होता. ज्योत गुरगुरायला लागली. तेवढं भावजींना पाइपावरच्या हाताला कळलं असणार, कारण त्यांनी मान डोलावली. पुन्हा बोट खाली. आता ज्योत किंचाळू लागली. माझ्या कानात बोळे, मधे काच, तरी ती बारीक धारदार किंकाळी माझ्या कवटीतून आरपार गेली. मी म्हटलं, आता मूठ वळेल.

मूठ वळली नाही. भावजींनी डोळे किलकिले करून ऑपरेटरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ऑपरेटर स्वस्थ होता, तो भावजींच्या चेहऱ्याकडे बघत होता. भावजींचा चेहरा प्रसन्न, म्हणून ऑपरेटरचा प्रसन्न. ऑपरेटरचा प्रसन्न, म्हणून भावजींचा आणखी प्रसन्न. त्यांच्या मागचे दोघे इंजिनिअर त्या दोघांकडे बघून समाधानाने माना हलवत होते. बोट पुन्हा खाली गेलं.

किंकाळी तुटली. त्यानंतर नुसता हवेचा घोंगाट उरला. ज्याला कान आहे त्याला दोन्हींतला फरक झोपेतही कळेल. माझ्या पडद्यावरचा न जळलेल्या इंधनाचा आकडा सरळ छताकडे निघाला. ज्योत विझली होती, डोळा झाकलेला होता, आणि कच्चं इंधन तापलेल्या नळकांड्यातून भळाभळा वाहत पुढच्या धुराड्यात साठत होतं. तिथे ते पेटलं असतं तर शेडचं छप्पर उडालं असतं आणि झडपेजवळच्या माणसाचं काय झालं असतं ते मला मनातही आणवेना.

मी दार उघडून धावले. बाहेर काय चाललं होतं? भिंतीवरचा लाल आकडा धडाधड खाली येत होता. ज्योतच नाही म्हटल्यावर नायट्रोजन ऑक्साइड येणार कुठून? तो शून्याला टेकला. जगातली सर्वांत स्वच्छ ज्योत म्हणजे विझलेली ज्योत, आणि आमच्या साहेबांनी तिला बघून टाळ्या वाजवायला सुरुवात केली! इंजिनिअरांनीही वाजवल्या. भावजींनी टाळ्या वाजवणारे हात पाहिले, त्यांचा ऊर भरून आला, त्यांनी पंजा हवेत आडवा फिरवला आणि घोंगाटाच्या वर आवाज चढवून तपासनीस बाईंना म्हणाले, "बघा, बघा! किती शांत जळतेय!"

मी लाल बटण दाबलं.

इंधन तुटलं. कॉम्प्रेसर हळूहळू उतरला. मी कानातले बोळे काढले. साहेब माझ्या अंगावर ओरडले, "मॅडम, काय केलंत हे? विक्रम होत होता!" तपासनीस बाईंनी इअरमफ काढले, वळून खुंटीकडे गेल्या आणि ते अडकवता अडकवता, आमच्याकडे पाठ करूनच, साध्या बोलायच्या आवाजात विचारलं, "ज्योत विझली ती तुमच्यापैकी कुणाला ऐकू आली?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, ओशाळले असतील. म्हणून मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी ओशाळलेलं नव्हतं. ऑपरेटर पॅनेल पुसत होता. एक इंजिनिअर दुसऱ्याला मोबाइल दाखवत होता. साहेब माझ्याकडे रागाने बघत होते. प्रश्न विचारला गेलाय हेच त्यांच्या गावी नव्हतं. बाईंनी पाठ न वळवताच पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग त्या वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना ते माझ्याआधीच कळलेलं दिसत होतं. बहिरे एकटे भावजी नव्हते. अख्खी खोली बहिरी होती. ज्याचे त्याचे कान समारंभाने उघडले होते आणि त्या झडपेने ते एकेक करून बंद केले होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्याला ऐकू येत नाही, पण बाकीच्यांना येत असेल, आणि सगळे मिळून वर्षानुवर्षं एकमेकांचे चेहरे ऐकत होते.

बाईंनी साहेबांसमोर उभं राहून तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेबांना ऐकू आलं. माणूस हुशार. क्षणात सावरले. "विझली? छे छे. यांच्या यंत्रात बिघाड असणार. जुनी यंत्रं आहेत, आणि मॅडम जरा घाबरट आहेत. आमचे कानसाहेब तिथे उभे होते. त्यांनाच विचारा ना." आणि भावजींच्या खांद्यावर हात ठेवून, त्यांना दिसेल असं, मान वरखाली करून दाखवली. काय उत्तर द्यायचं ते सांगून झालं होतं. एक "हो" म्हटलं की बर्नर तरला, झडपेजवळची जागा तरली. बुडाले असते ती मी आणि माझी यंत्रं. आणि पुढे कधीतरी आकाशात आणखी कुणीतरी.

भावजींनी साहेबांकडे पाहिलं. मग ऑपरेटरकडे, मग इंजिनिअरांकडे. सगळ्यांच्या माना वरखाली. शेवटी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. मी त्यांच्यापुढे गेले आणि म्हटलं, "भावजी, ती विझली होती."

ऑफिसात तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच पाहिला माझ्या ओठांवर.

"मग विझलीच असेल," ते म्हणाले. "मला कित्येक वर्षं काहीच ऐकू येत नाही."

आणि हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. बर्नर नापास झाला नाही, पण इंधन कुठवर उतरवायचं याची रेघ बरीच वर सरकली. नवा डोळा येणार आहे, फिकी ज्योतही दिसेल असा. भिंतीवर आता तिन्ही आकडे असतात आणि ते पूर्वीएवढे सुंदर नसतात. साहेब पाहुण्यांना सांगतात की आम्ही पहिल्यापासून सुरक्षेला सर्वांत जास्त महत्त्व देतो. कानाची तपासणी करणाऱ्या आमच्या नर्सबाईंनी सांगितलं की त्या खोलीतले सगळे दरवर्षी एकाच स्टुलावर बसायचा हट्ट धरत. आवाज सोडायला नर्सबाई बटण दाबत ते बोट तिथून समोरच्या कपाटाच्या काचेत दिसायचं, आणि बोट हललं की हे म्हणायचे, ऐकू आलं. मी विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? तर म्हणाल्या, "अहो, मोठी माणसं, त्यांना कसं सांगायचं?"

त्या संध्याकाळी मात्र मी भावजींबरोबर त्यांच्या घरी गेले. ते घरी जाऊन खुर्चीत बसले आणि टीव्ही लावला. मी स्वयंपाकघरात ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, मी सांगत नव्हते? तिने नुसते हात पुसले, बाहेर आली, टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली.

"बाबा गेल्याचा फोन आला, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"इथेच," भावजी तिच्या ओठांकडे बघत म्हणाले. "पेपर वाचत होतो."

"मी तिथे ओट्याजवळ होते. तुमच्याकडे पाठ होती माझी. मी म्हटलं, बाबा गेले. तुम्ही म्हणालात, 'बरं झालं.' आणि पान उलटलंत."

बाबा माझेही होते. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

भावजी खुर्चीत पुढे सरकले. "मी असं म्हणालो? तू रडताना दिसलीस तेव्हा मला कळलं. फोन केव्हा आला तेही मला..."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तेव्हापासून मी तुम्हाला जे बोलत आले," ती म्हणाली, "उठता बसता, टोचून, लागेल असं, भांडी आपटून, तीन वर्षं, ते सगळं..."

"तू भांडत होतीस?" भावजी म्हणाले. "मला वाटत होतं, आपलं छान चाललंय."